उजवीकडची खुर्ची

डॉक्टरांना एकट्यानं विमान घेऊन वर पाठवायचं, हे मास्तरांनी त्या शनिवारी सकाळी सव्वासातला नक्की केलं. खरं तर चीफनं ते आठवडाभर आधीच नक्की करून टाकलं होतं.

"एकतीस तास झाले, मास्तर. लोक पंधरा-अठरा तासांत सोलो जातात. ह्या माणसाला आणखी किती दिवस मांडीवर घेऊन बसणार आहात?"

चीफ म्हणजे फ्लाइंग क्लबचा प्रमुख. हाही एके काळी मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे बोलताना 'तुम्ही' म्हणायचा, पण आवाज साहेबाचाच असायचा. सव्वीस वर्षं मास्तर लोकांना विमान उतरवायला शिकवत होते. वर नेणं कुणालाही जमतं, खाली आणणं हीच विद्या, असं ते पहिल्याच दिवशी सांगत.

डॉक्टर हे दातांचे डॉक्टर. वय एक्कावन्न, अंगानं किरकोळ, जाड भिंगांचा चष्मा. दहा महिने दर शनिवारी पावणेसातला त्यांची गाडी हँगरच्या मागे येऊन थांबायची. उशीर नाही, खाडा नाही. उड्डाण संपलं की ते नळावर बराच वेळ हात धुवायचे, लॉगबुकवर मास्तरांची सही घ्यायचे आणि दहाच्या पेशंटसाठी निघून जायचे. दहा महिन्यांत दोघांचं बोलणं झालं ते वारा, वेग आणि उंची ह्यांवर. कधी चहासुद्धा एकत्र घेतला नव्हता. मास्तरांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन लांब गेली होती आणि रविवारी फोन करायची. हे डॉक्टरांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

त्या सकाळी वारा नव्हता. दोघांनी मिळून तीन वेळा विमान उतरवलं. तिन्ही वेळा चाकं धावपट्टीवर अशी टेकली, की कळलंही नाही. मास्तरांनी इंजिन चालू असतानाच आपल्या बाजूचं दार उघडलं, खाली उतरले आणि मोकळ्या सीटचा पट्टा लोंबू नये म्हणून नीट आवळून बांधला.

"एक चक्कर मारायची आणि घेऊन यायचं."

"आत्ता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आत्ता. विमान हलकं वाटेल. माझं ओझं उतरलं ना."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मोकळ्या सीटकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली.

विमान वर गेलं ते छान गेलं. मास्तर धावपट्टीच्या कडेला हातात रेडिओचा हँडसेट धरून उभे होते. डॉक्टरांनी वळणं बरोबर घेतली, उंची बरोबर राखली. सरळ रेषेत खाली येताना वेग जरा जास्त होता, पण घाबरण्यासारखा नव्हता. विमान सपाट टेकलं आणि चेंडूसारखं उसळलं.

एक उसळी म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे. विमान तसंच धरून ठेवायचं आणि बसू द्यायचं, नाहीतर इंजिनाची ताकद वाढवणारी थ्रॉटलची मूठ पूर्ण पुढे ढकलून परत वर जायचं आणि नव्यानं यायचं. ह्याला 'गो अराउंड' म्हणतात. डॉक्टरांना हे चाळीस वेळा शिकवलं होतं. पण विमान उसळलं तसं डॉक्टरांनी नाक खाली दाबलं. नवा माणूस हेच करतो; जमीन लांब गेली की तिला धरायला जातो. विमान पुन्हा आपटलं आणि आधीपेक्षा उंच उसळलं.

"गो अराउंड, डॉक्टर," मास्तर हँडसेटमध्ये म्हणाले. आवाज त्यांनी मुद्दाम शांत ठेवला. "थ्रॉटल पूर्ण. गो अराउंड."

इंजिनाचा आवाज वाढेल म्हणून ते कान देऊन थांबले. आवाज वाढला नाही.

तिसऱ्या वेळी विमान थेट नाकावर आलं. पुढच्या चाकाचा पाय मोडला, पंखा डांबरात घुसला आणि विमान डावीकडे वळून गवतात गेलं. तिथे ते अगदी सावकाश, भांडं पालथं घालावं तसं, पाठीवर उलटलं.

मास्तर धावले. अठ्ठावन्नाव्या वर्षी आपण एवढं पळू शकतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मेकॅनिक जीपमध्ये आगीचा सिलिंडर टाकून दुसऱ्या बाजूनं येत होता. डॉक्टर पट्ट्यात उलटे लटकत होते. चष्मा गेला होता, कपाळ फुटलं होतं. पेट्रोल ठिबकत होतं. शेजारच्या सीटचा पट्टा तसाच घट्ट बांधलेला होता.

"सॉरी," डॉक्टर म्हणाले.

"बोलू नका." मास्तरांनी खांदा त्यांच्याखाली घातला आणि पट्ट्याचं बक्कल दाबलं. माणसाचा सगळा भार एकदम त्यांच्या मानेवर आला.

अँब्युलन्स गेल्यावर चीफ म्हणाला, "घरी कळवायला हवं. तुम्हीच कळवा, मास्तर. तुमचा विद्यार्थी."

मास्तरांनी ऑफिसात जाऊन डॉक्टरांची फाइल काढली. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये तळाला एक रकाना होता: अपघात झाल्यास कोणाला कळवावे. त्यांनी आधी नंबरच पाहिला. काय बोलायचं ते मनात जुळवत ते ऑफिसच्या फोनवर एकेक आकडा दाबत गेले. रिंग गेली आणि त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. आत्ता नेमका कुणाचा, म्हणून त्यांनी वैतागून तो बाहेर काढला. पडद्यावर ऑफिसचाच नंबर होता.

काही क्षण ते दोन्ही हातांत दोन फोन घेऊन बसून राहिले. मग त्यांनी ऑफिसचा फोन ठेवला आणि फॉर्म नीट वाचला. नाव त्यांचंच होतं. पुढे 'नाते' असा रकाना. तिथे आधी 'मित्र' लिहिलेलं होतं. त्यावर एक सरळ रेघ मारून वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ओळखीचे'.

चीफनं दारातून विचारलं, "झालं का कळवून?"

"झालं," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांचा घोटा मोडला होता, गळपट्टीचं हाड तुटलं होतं आणि दोन बरगड्यांना तडे गेले होते. जिवावरचं काही नव्हतं. मास्तर दुपारी हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा ते जागे होते. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता.

"कुणाला कळवू?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला कळलं ना."

"मला कळलं. घरचं कुणी?"

डॉक्टर छताकडे पाहत राहिले. "मोठी बहीण आहे. नऊ वर्षं बोलणं नाही. आता हात-पाय मोडल्यावर फोन केला तर तिला वाटेल, गरज पडली म्हणून आठवण झाली. आणि ते खरंच असेल." जरा वेळानं म्हणाले, "फॉर्मात तुमचं नाव घातलं होतं. न विचारता घातलं, ते चुकलंच. रकाना रिकामा ठेवून चालत नाही, असं क्लबच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली."

"त्यात काय चुकलं?" मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना किल्ली दिली. दवाखान्याच्याच वरच्या मजल्यावर घर होतं. दुसरा चष्मा, फोनचा चार्जर आणि दोन पायजमे एवढं आणायचं होतं.

खाली दवाखान्याच्या दारावर मदतनीस बाईंनी 'आज बंद' असा कागद चिकटवला होता. जिना अरुंद होता. घर स्वच्छ होतं. इतकं, की दवाखान्याचाच वास वरपर्यंत आला होता. चष्मा टेबलावर होता, पायजमे घडी घालून कपाटात. चार्जर सापडेना म्हणून मास्तर आतल्या खोलीत गेले आणि उंबऱ्यातच थांबले.

समोरच्या भिंतीवर विमानाच्या डॅशबोर्डचा फोटो होता. खरा आकार साधण्यासाठी कागदाचे आठ-नऊ तुकडे जोडून, बसल्यावर नजरेसमोर येईल अशा उंचीवर तो चिकटवलेला. प्रत्येक काट्याच्या घड्याळाखाली बारीक अक्षरात त्याचं नाव. खाली एका स्टुलावर आडवी बांधलेली लाकडी काठी, म्हणजे विमान चालवायची दांडी. टेबलाच्या कडेला स्क्रूनं बसवलेली ड्रॉवरची मूठ, म्हणजे थ्रॉटल. त्याच्यासमोर खुर्ची. आणि त्या खुर्चीला अगदी खेटून, उजव्या हाताला, दुसरी खुर्ची. विमानात दोन माणसांचे खांदे घासतात, तितक्याच अंतरावर.

डाव्या खुर्चीची उशी बसून बसून दबली होती. उजवीची तशीच फुगलेली होती.

मास्तर बराच वेळ उभे राहिले. मग जाऊन उजव्या खुर्चीवर बसले. का बसले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दिवसभरात पहिल्यांदा पाठ टेकली होती. त्यांनी समोरच्या कागदी घड्याळांकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि विमान खाली येतंय, जमीन वर येतेय, असं मनाशी आणलं. डोळे उघडले तेव्हा त्यांचा डावा हात पुढे गेलेला होता. मधली दोन बोटं काठीखाली अलगद अडकलेली होती.

त्यांनी बोटांकडे पाहिलं.

हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं. बोटं आपली आपण गेली होती, जशी ती विमानात जात असणार. सकाळी तिन्ही वेळा गेली होती का? गेल्या शनिवारी? त्यांना आठवेना. विद्यार्थ्याला वाटतं विमान त्याच्या हातात आहे, आणि उजवीकडे बसलेला माणूस दोन बोटांनी शेवटचा इंचभर सांभाळून घेतो. नव्या शिक्षकांना ह्याच गोष्टीसाठी त्यांनी आयुष्यभर झापलं होतं. हात मांडीवर ठेवा, म्हणायचे, जीभ चावा, पण हात मांडीवर ठेवा.

चार्जर शेवटी त्या उजव्या खुर्चीच्या मागेच सापडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "माझा आवाज ऐकू आला नव्हता का? रेडिओवर?"

"आला ना. स्वच्छ आला."

"मग थ्रॉटल का नाही दिलंत?"

डॉक्टर दुसऱ्या चष्म्यातून त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "तुमचा आवाज आला आणि मला वाटलं, तुम्ही आहात. म्हणजे बाजूलाच. खुळ्यासारखं आहे, पण एक सेकंदभर तसं वाटलं. आता मास्तर घेतील, म्हणून मी थांबलो." मग स्वतःशीच म्हणाले, "दोन-तीन सेकंद असतील. तुमची वाट बघत होतो."

आठवड्याभरानं चौकशी अधिकारी आल्या. पन्नाशीच्या बाई, पायांत साधे बूट, हातात मोजपट्टी. त्यांनी धावपट्टीवरचे पंख्याचे ओरखडे मोजले, मोडलेलं चाक पाहिलं, हवेची नोंद पाहिली. चीफनं मास्तरांना आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सरळ प्रकरण आहे. विद्यार्थ्याची चूक. उसळी आली, सूचना दिली, त्यानं ऐकली नाही. सगळं खरंच आहे ना? तेवढंच बोला आणि मोकळे व्हा."

सगळं खरंच होतं. बाईंनी शांतपणे एकेक प्रश्न विचारला. उड्डाणाआधी झोप पुरी झाली होती का, सूचना कोणत्या शब्दांत दिली, किती वेळा दिली. मास्तर उत्तरं देत गेले.

"सोलोच्या आधीची शेवटची दहा लँडिंग्ज विद्यार्थ्यानं तुमच्या मदतीशिवाय केली होती?"

हा ठरलेला प्रश्न होता. कागदावर 'होय' असं लिहायची जागा लहानशीच होती. विमानाच्या केबिनमध्ये दोघंच असतात. त्यांतल्या एकाला स्वतःचंच लँडिंग वाटत होतं आणि दुसरा समोर बसला होता. तिसऱ्या कुणाला कधीच कळलं नसतं.

"मला ठाऊक नाही," मास्तर म्हणाले.

बाईंनी पेन थांबवलं. चीफनं खुर्चीत चुळबुळ केली.

"माझी दोन बोटं दांडीखाली असायची. मला ते कळत नव्हतं. आता कळलंय. ती लँडिंग्ज त्यांची किती आणि माझी किती, हे मी सांगू शकत नाही. पण त्यांची आहेत असं मी सही करून दिलं."

"हे लिहून घेऊ?"

"घ्या."

त्या दुपारी चीफ त्यांच्याशी बोलला नाही. रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा मास्तरांनी तिला सांगितलं.

"बाबा, कशाला बोललात? कुणी विचारलंही नसतं."

"विचारलं होतं."

"तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय ते."

"कळतंय," ते म्हणाले. मग तिनं जेवणाचं विचारलं, त्यांनी नातीच्या शाळेचं विचारलं आणि फोन संपला.

सहा महिने त्यांना विद्यार्थ्यांसोबत वर जायची बंदी झाली. त्यानंतर कुणा दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्यायचं, असं पत्रात होतं. ह्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. एक काम राहिलं होतं, ते जास्त अवघड होतं.

डॉक्टर घरी आले होते, पाय प्लास्टरमध्ये. मदतनीस बाई सकाळ-संध्याकाळ वर येऊन पाहून जायच्या. मास्तर गेले तेव्हा डॉक्टर खिडकीपाशी बसले होते. मास्तरांनी पाणीही न घेता सगळं सांगून टाकलं. बोटांचं, अधिकाऱ्यांच्या प्रश्नाचं, उत्तराचं.

डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "म्हणजे ती लँडिंग्ज माझी नव्हती?"

"काही असतील. किती, ते..."

"मे महिन्यातलं एक होतं. पाऊस पडून गेला होता, धावपट्टी ओली होती. तुम्ही म्हणालात, 'वा.' दहा महिन्यांत एकदाच म्हणालात."

मास्तरांना ते आठवत होतं.

"ते कुणाचं?"

"ठाऊक नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी रोज रात्री झोपताना ते आठवायचो," ते म्हणाले. "दिवसभर लोकांची तोंडं बघायची, जेवायचं, भांडं धुवायचं. आणि मग ते आठवायचं. आयुष्यात एक गोष्ट अशी केली की बघणारा 'वा' म्हणाला." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. "तुम्ही आता जा, मास्तर."

मास्तर उठले. दारात वळून पाहिलं, तर डॉक्टरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं.

त्यानंतरचे महिने रिकामे होते. क्लबवर मास्तरांना वर्गात हवामान आणि नकाशे शिकवायचं काम दिलं गेलं, तेही आठवड्यातून तीन दिवस. शनिवार मोकळा झाला. सव्वीस वर्षांत शनिवारी सकाळी काय करतात ते त्यांना शिकावं लागलंच नव्हतं. पाचला जाग यायची. उठून ते दाढी करायचे, बूट पुसायचे आणि मग बूट घालून कुठे जायचं, ह्याचा विचार करत बसायचे. विमानाचा आवाज आला की गॅलरीत यायचे. कोण उडवतंय, ते वळणावरून ओळखायचे. सांगायला कुणी नव्हतं. डॉक्टरांना फोन करायला दोन वेळा घेतला आणि दोन्ही वेळा ठेवला.

चौथ्या महिन्यात त्यांची दाढ दुखायला लागली. आठ दिवस त्यांनी लवंग धरली, गोळ्या घेतल्या. घराजवळ दोन दवाखाने होते. शेवटी एका सकाळी ते बसमध्ये बसले आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला त्या ओळखीच्या जिन्याखाली येऊन रांगेत बसले. मदतनीस बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "बसा. तुमचा नंबर चौथा."

डॉक्टर किंचित लंगडत होते. "आ करा," एवढंच म्हणाले. तोंडात आरसा घातला, दिवा ओढला. "किती दिवस दुखतेय?"

मास्तरांनी बोटांनी आठ दाखवले.

"आठ दिवस घरी काय करत होतात?" इंजेक्शन दिलं, गाल बधिर होईपर्यंत थांबले आणि काम सुरू केलं. बराच वेळ फक्त मशीनचा आवाज. मग डॉक्टर बोलायला लागले. मास्तरांना उत्तर देणं शक्यच नव्हतं.

"मी चिडलो होतो. अजून आहे. पण तुमच्यावर किती आणि कशावर किती, ते मलाही ठाऊक नाही. हलू नका. तुम्ही खोटं बोलला असता तर मी आयुष्यभर समजलो असतो, की मला येत होतं आणि ऐन वेळी मी घाबरलो. भित्रा समजलो असतो स्वतःला. आता कळलं, की येतच नव्हतं. न येणं बरं. शिकता येतं. थुंका."

मास्तर थुंकले.

"परत शिकायला लागतोय. पुढच्या महिन्यापासून. तुमच्याकडे नाही."

मास्तरांनी बधिर तोंडानं म्हणायचा प्रयत्न केला, "बवोबव."

"काय?"

"बरोबर," मास्तरांनी दुसऱ्यांदा जमवलं. डॉक्टरांच्या मास्कवरचे डोळे जरासे बारीक झाले. हसले असावेत.

क्लबमध्ये नवीन मॅडम आल्या होत्या, तिशीतल्या, कडक. विमानात बसल्या की दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायच्या. डॉक्टरांनी विमान आपटलं की त्या म्हणायच्या, "हे तुमचं होतं. आता परत वर चला." पहिले दोन महिने डॉक्टरांचं एकही लँडिंग धड झालं नाही. क्लबातले लोक चहाच्या कपाआड हसायचे. मास्तरांचा एक वर्ग आता शनिवारी असायचा. ते वर्गाच्या खिडकीतून पाहायचे, पण शनिवारी डॉक्टर नळावर हात धुताना दिसले की फक्त मान हलवायचे, डॉक्टरही हलवायचे. मास्तरांची बंदी उठली, तपासणी झाली. त्या तपासणीत त्यांनीही हात मांड्यांखाली ठेवले आणि पुढेही तसेच ठेवायची सवय लावून घेतली. सोपं नव्हतं. समोर जमीन येते आणि बोटं वळवळतात.

आणखी बावीस तासांनी मॅडमनी डॉक्टरांना एकट्याला वर पाठवलं.

तेव्हा मास्तर वर्गात ढगांचे प्रकार शिकवत होते. सहा विद्यार्थी होते. इंजिन एकाच माणसाचा भार घेऊन चाललंय, हे त्यांना आवाजावरून कळलं. त्यांनी फळ्याकडे तोंड केलं आणि ढग काढत राहिले. विमान चक्कर मारून आलं. आवाज खाली खाली आला. मग चाकांचा दणका, आणि मग ती मधली शांतता, ज्यात विमान पुन्हा हवेत असतं.

मास्तरांचा खडू फळ्यावर थांबला.

इंजिन गरजलं. पूर्ण ताकदीनं, एका दमात, आणि आवाज वर चढत लांब गेला.

"सर, ह्या ढगाचं नाव?" कुणीतरी विचारलं.

"सांगतो," मास्तर म्हणाले. "एक मिनिट."

सहा मिनिटांनी विमान परत आलं आणि ह्या वेळी काही ऐकूच आलं नाही, फक्त इंजिन मंद झालं आणि हँगरच्या दिशेनं सरकत गेलं. मास्तरांनी वर्ग पुरा केला. बाहेर आले तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. "दहाचा पेशंट होता म्हणे," मेकॅनिक म्हणाला. "मॅडमना पेढेबिढे काही नाही, नुसते हात जोडले आणि पळाले."

दुपारी दीड वाजता फोन आला.

"उतरलो," डॉक्टर म्हणाले.

"ऐकलं."

"एकदा आपटलं. मग वर गेलो."

"तेही ऐकलं."

पलीकडे कसली तरी हत्यारं ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज येत होता. मास्तरांना वाटलं आता फोन ठेवतील.

"संध्याकाळी काय करताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

"मीही काही नाही."

"मग या जेवायला," मास्तर म्हणाले. पत्ता सांगितला, दोनदा सांगितला. डॉक्टरांनी लिहून घेतला.

फोन ठेवल्यावर ते तसेच पिशवी घेऊन बाहेर पडले. बायको गेल्यापासून त्यांच्या घरी कुणी जेवायला आलं नव्हतं. दुकानात भाज्यांसमोर उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हा माणूस काय खातो, काय खात नाही, तिखट चालतं की नाही, ह्यातलं आपल्याला काहीच माहीत नाही. मागे बायका खोळंबल्या होत्या. त्यांनी बाजूला होऊन फोन काढला आणि डॉक्टरांना विचारलं.